फुटव्यांचं 'एकच जनुक' आणि दुप्पट पीक

"फुटवे आणणारं जनुक सापडलंय. ते चालू केलं की फुटवे दुप्पट, पीकही दुप्पट." हा मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. (फुटवे म्हणजे रोपाच्या बुडातून निघणारी जादा ताटं.) त्यावर विसंबून कुणी बियाणं निवडू नये, म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

एकच जनुक? गव्हाचं कोवळं रोप उपटा आणि खालची पानं एकेक करून अलगद सोला. पानाच्या बेचक्यात टाचणीच्या टोकाएवढा डोळा दिसेल, फुटवा यातूनच निघतो. हा डोळा धरणं वेगळं आणि तो फुटणं वेगळं. दोन्हींची जनुकं वेगळी. भातात २००३ साली सापडलेलं मॉक१ जनुक निकामी झालं तर डोळेच धरत नाहीत, रोप एकाच ताटावर राहतं. स्ट्रिगोलॅक्टोन हे फुटवे रोखणारं संप्रेरक बनवणारी जनुकं बिघडली, तर रोप बुटकं राहून फुटव्यांनी गच्च भरतं.

'चालू केलं की फुटवे' हेही उलटं आहे. यातली बरीच जनुकं लगामाचं काम करतात. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे झुडपासारखा फांद्या काढतो. मक्यात टीबी१ हे जनुक जास्त जोमाने काम करतं, म्हणून फांद्या दबतात आणि एकच जाड ताट वर येतं. म्हणजे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडलं ते कमी फांद्यांचं झाड.

दुप्पट पिकाचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. उशिरा आलेले कितीतरी फुटवे ओंबी न धरताच वाळतात, तोवर अन्न आणि पाणी मात्र खातात. २०१० मध्ये भातातल्या आयपीए१ जनुकाचं एक रूप पुढे आलं. त्यात फुटवे कमी, पण ताट दणकट आणि लोंबीत दाणे जास्त.

शिवाय जनुक काही एकटं ठरवत नाही. जमिनीत स्फुरद कमी पडलं की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन वाढवतात आणि फुटवे आवरले जातात. दाट पेऱ्यात सावलीनेही तेच होतं. शेंडा खुडल्यावर खालचे डोळे का फुटतात, याचं उत्तर बरीच वर्षं 'वरून येणारं ऑक्झिन हे संप्रेरक थांबतं म्हणून' एवढंच दिलं जाई. २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांत दिसलं, की ऑक्झिन ओसरण्याआधीच डोळे वाढू लागतात, कारण शेंड्याकडे जाणारी साखर त्यांच्याकडे वळते.

आणि स्ट्रिगोलॅक्टोन मुळांतून मातीतही झिरपतं. त्याच्याच खुणेवर उपयोगी बुरशी मुळाशी येते आणि पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या तणाचं बीही रुजतं. फुटव्यांसाठी ते घटवलं, तर या दोन्हींवर परिणाम होणारच.