निळ्या खुणा आणि आवाजाचे निरोप

‘मोबाइलच्या पडद्यानं माणसं तोडली’ हे एका लेखात वाचलेलं सरसकट विधान मला पटत नाही. पडदा तोच असतो, त्यावर काय मांडलंय यानं फरक पडतो. व्हॉट्सअ‍ॅपचंच घ्या. २०१३ साली त्यात आवाजाचे निरोप आले आणि मराठी टाइप करणं न जमणारी, शाळा अर्धवट सुटलेली माणसंही मोकळेपणी बोलू लागली. माझी मावशी बटण दाबून धरते आणि पुण्यातल्या नातवाला शेतातलं सगळं सांगते. मागून कोंबड्यांचा कलकलाटही ऐकू येतो. याला तुटणं कसं म्हणायचं?

२०१४च्या नोव्हेंबरात, निरोप वाचला गेल्याचं दाखवणाऱ्या निळ्या खुणा आल्या, त्यांनी मात्र घात केला. ‘वाचलंस ना, मग उत्तर का नाही?’ हा जाब नात्यांत शिरला. पत्रांच्या काळी उत्तराला आठवडा लागणं गृहीतच असे. या खुणा बंद करता येतात, पण मग समोरच्याच्याही दिसत नाहीत. ग्रुपमध्ये तर बंद होतच नाहीत. ही कुणीतरी विचारपूर्वक केलेली रचना आहे. जाब तिच्या कर्त्यांना विचारा, पोरांच्या हातातला फोन हिसकावून काय साधणार? आमच्या घरी सगळ्यांनी खुणा बंद केल्यात. तातडीचं असेल तर सरळ फोन करतो.