मग्सी बोग्जचा तो फोटो आता पुरे

परवा ग्रुपवर पुन्हा तोच फोटो आला. पाच फूट तीन इंचांचा मग्सी बोग्ज आणि शेजारी सात फूट सात इंचांचा मनूट बोल, दोघंही वॉशिंग्टन बुलेट्सच्या जर्सीत. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. १९८७-८८ च्या सीझनपासून लोकांना बोग्ज म्हटलं की एवढंच आठवतं, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला सगळ्यात बुटका खेळाडू. मला याचं मनापासून वाईट वाटतं. चौदा सीझन, ८८९ सामने कुणाला कौतुक म्हणून खेळवत नाहीत.

बाल्टिमोरच्या लाफायेट कोर्ट्स या सरकारी वसाहतीत तो वाढला. पाच वर्षांचा असताना अंगात बंदुकीचे छर्रे घुसले, बारा वर्षांचा असताना वडील तुरुंगात गेले. आईने अर्धवट सुटलेलं शिक्षण पुन्हा पूर्ण केलं, नोकरी धरली आणि घर चालवलं. पुढे डनबर हायस्कूलची टीम त्याच्या शेवटच्या दोन सीझनमध्ये एकदाही हरली नाही. त्याच टीममधले रेजी विल्यम्स, बोग्ज आणि रेजी लुईस १९८७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्याच फेरीत निवडले गेले. बोग्ज बारावा.

मी स्वतः शाळेत गार्ड, म्हणजे चेंडू पुढे घेऊन येणारी खेळाडू, म्हणून खेळायचे. नववीत निवडीच्या दिवशी भिंतीवर खडूने रेघ मारली होती. रेघेच्या खाली डोकं असलेल्या मुलींना चेंडूला हात लावायच्या आधीच बाजूला बसवलं. त्यात मीही होते. म्हणून बोग्जचा खेळ मी निराळ्या नजरेने बघते. चेंडू कितीही उंच माणसाच्या हातात असो, ड्रिबल करताना, म्हणजे टप्पे देत पुढे नेताना, तो जमिनीवर आणावाच लागतो, आणि जमिनीपासून गुडघ्यापर्यंतची सगळी जागा बोग्जची होती. त्याचा स्वतःचा ड्रिबल इतका खालून चालायचा की समोरचा साडेसहा फुटी गार्ड कमरेत वाकेपर्यंत हा पुढे निघून गेलेला असायचा. सामन्यामागे सरासरी ७.६ असिस्ट, म्हणजे ज्यावरून थेट बास्केट होते असे पास, आणि टर्नओव्हर, म्हणजे हातचा चेंडू समोरच्या संघाला गमावणं, दोनसुद्धा नाहीत! ज्यांनी दाबाखाली चेंडू सांभाळलाय त्यांना हा आकडा काय आहे ते कळेल. १४ एप्रिल १९९३ ला त्याने सात फुटी पॅट्रिक ईविंगला ब्लॉक केलं, म्हणजे बास्केटसाठीचा चेंडू अडवला, तेही उंच उडी मारून नाही. ईविंगने चेंडू छातीवर न्यायच्या आतच याचा हात तिथे पोचला होता.

१९८८ मध्ये नव्याने सुरू झालेल्या शार्लट हॉर्नेट्सने त्याला घेतलं. तिथल्या दहा सीझनमध्ये ५,५५७ असिस्ट, आजही त्या संघात सर्वाधिक. लॅरी जॉन्सन आणि अलोन्झो मोर्निंग या त्याच्या सहकाऱ्यांची नावं पोस्टरवर असायची, पण त्यांच्या हातात चेंडू नेमका हवा तिथे आणि हवा तेव्हा कोण पोचवत होतं?

याच काळातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. २९ एप्रिल १९९३, बॉस्टन गार्डन, हॉर्नेट्स प्लेऑफचा, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीचा, पहिलाच सामना खेळतायत. समोर बॉस्टनचा कॅप्टन आहे रेजी लुईस, बाल्टिमोरचा तोच शाळूसोबती. लुईस धावता धावता कोर्टवर कोसळतो. ती मालिका शार्लटने जिंकली. जुलैमध्ये लुईस गेला, अवघ्या सत्तावीसाव्या वर्षी. ज्याच्याबरोबर कोवळ्या वयात एकाच बाकावर बसलो तो असा डोळ्यांसमोर पडला, आणि त्यानंतरही पुढचे सामने खेळायचे, पुढचा पास द्यायचा. हे बोग्जने केलं. त्या फोटोत यातलं काय दिसतं?

गुडघ्याने शेवटी त्रास दिला. १९९५-९६ मध्ये जेमतेम सहा सामने. तरी परत आला, गोल्डन स्टेटकडून खेळला, टोरांटोकडून खेळला.

आता मी संध्याकाळी मुलींना शिकवते. रविवारी आमची निवड आहे. आधी वीस मिनिटं ड्रिबल आणि पास बघणार, मग तीनवर तीनचा सामना. उंची टीम ठरल्यावर लिहून घेईन, कारण जर्सीचं माप द्यायचंय.