कपाट जरा पुढे ओढा

दिवाळीची साफसफाई निघाली की एक वाक्य हटकून कानावर येतं, "अहो, ते कपाट जरा पुढे ओढा, मागची जळमटं काढते." जळमटांना वजन नसतं. लोखंडी कपाटाचं धरा ८० किलो, तेही रिकाम्याचं. आणि रिकामं कपाट मी अजून कुणाच्या घरात पाहिलेलं नाही. त्यात पैठण्या असतात, पितळेचे डबे असतात आणि कुणाच्या तरी मुंजीत आलेला, खोक्यातून कधीच न निघालेला डिनर सेट असतो.

स्थिर वस्तू बाहेरून बल लागल्याशिवाय हलत नाही, हे न्यूटननं १६८७ साली छापलं. कपाटांनी ते फार मनावर घेतलंय.

हिशेब करू. लोखंडी पाय आणि फरशी यांच्यातला स्थितिक घर्षणांक (थांबलेली वस्तू सुटायला तिच्या वजनाच्या किती पट आडवा जोर लागतो, तो आकडा) ०.४ धरला, तर ८० किलोचं कपाट हलवायला ३२ किलो उचलण्याइतका आडवा जोर लागतो; न्यूटनमध्ये सुमारे ३१४. ३१ किलोला ते ढिम्म. ३२ ओलांडले की सुटतं आणि सुटल्यावर घर्षण कमी होतं, २४ किलोतही सरकत राहतं. म्हणून सुटलेलं कपाट थांबवायचं नसतं. पण नेमकं तेव्हाच कुणीतरी किंचाळतं, "थांबा थांबा, झुरळ!" झुरळ निघून जातं. आपण पुन्हा ३२ वर.

'हैश्शा'मागचं शास्त्रही हेच. चौघांनी प्रत्येकी १० किलोचा जोर आपापल्या सवडीनं लावला, तर कपाटाला कधीच १० च्या वर काही जाणवत नाही. एकाच क्षणी लावला तर ४० होतात. ओरडण्यानं ताकद वाढत नाही, वेळ जुळते. फक्त ओरडणाऱ्यानं हातही लावावा. शेजारचे काका ओरडतात तेवढं.

आता पायांकडे बघा. कपाटाच्या नव्हे, आपल्या. आपण कपाटाला जेवढं रेटतो तेवढंच ते आपल्याला उलट रेटतं आणि तो रेटा शेवटी आपल्या तळव्याखालचं घर्षण झेलतं. ७० किलोचा माणूस मोजे घालून चकचकीत फरशीवर उभा राहिला, घर्षणांक ०.२ धरला, की त्याला जास्तीत जास्त १४ किलोचा जोर लावता येतो. पुढे कपाट जागेवर आणि माणूस मागे. रबरी तळाची चप्पल घातली, घर्षणांक ०.६ झाला, की ४२. घरात चपला घालायच्या नाहीत हा नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा.

वाकून, अंगाचा भार टाकून रेटणं दिसायला मर्दानी, पण तोट्याचं. बळ ३० अंशांनी खाली झुकलं की त्याचा एक भाग कपाटाला जमिनीत दाबतो, घर्षण वाढतं आणि ३२ च्या जागी ४८ किलो लागतात. जोर आडवा हवा, जमल्यास किंचित वर.

आणि खालून हवा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात माणसं चेंगरतात. कपाटाची खोली ४८ सेंटिमीटर. तिला घर्षणांकाच्या दुपटीनं, म्हणजे ०.८ नं भागा: ६०. जमिनीपासून ६० सेंटिमीटरच्या वर ओढलंत, तर कपाट सरकण्याआधी कलंडतं. आता हँडल कुठे असतं? साधारण मीटरभर उंचीवर. म्हणजे आपण हँडल धरून ओढतो तेव्हा कपाटाला 'पुढे ये' नाही, 'अंगावर पड' असं सांगत असतो. सामान उपसलं तर जोर कमी लागतो, ६० ची मर्यादा मात्र सहसा तीच राहते. तरी वरचे कप्पे आधी रिकामे करावेत. पाय फरशीच्या सांध्यात अडकला की डोकं जड असलेलं कपाट सरळ पालथं होतं. दारांना कुलूप हवंच. उघडी दारं म्हणजे सगळा भार पुढे.

मग ओढायचं कसं? सगळं एकदम नाही. एका बाजूला खाली तळाशी धरून तेवढंच टोक पुढे घ्यायचं. दुसरं टोक खुंटासारखं जागेवर राहतं आणि साधारण १६ किलोत भागतं. मग दुसरं टोक. असं डुलत डुलत ते बाहेर येतं. एक माणूस समोर नव्हे, बाजूला उभा राहून वरचा तोल सांभाळायला. पायांखाली गोणपाट किंवा जुनी सतरंजी सारता आली तर उत्तम. त्यासाठी टोकाखाली पहार घालावी. सव्वा मीटरच्या पहारीला टोकापासून १० सेंटिमीटरवर लाकडी ठोकळ्याचा टेकू दिला, तर निम्मं कपाट, म्हणजे ४० किलो, साडेतीन किलोच्या दाबानं उचललं जातं. बोटं मात्र खाली घालायची नाहीत, सतरंजी काठीनं सारायची.

परत भिंतीला लावताना माझी आवडती पद्धत: समोरच्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायचं आणि दोन्ही पायांनी कपाटाचा तळ रेटायचा. भिंत मागे हटत नाही, जोर आपोआप खालून लागतो. पाहुण्यांसमोर करू नये.

कपाट जागेवर गेलं की दार लागत नाही. तीन पाय फरशीवर टेकतात, चौथा लोंबतो, चौकट पिळते आणि एक दार खाली उतरतं. जे उतरलंय त्याच बाजूच्या पुढच्या पायाखाली पुठ्ठा सारायचा. जाड लग्नपत्रिका दोनदा दुमडली की बरोबर बसते. फक्त लग्न होऊन गेलंय ना, ते आधी बघून घ्यावं.