संयमाला मुदत हवी

भारतात एखादा मुलगा रणजी गाजवून वर येतो आणि दोन मालिकांत चालला नाही, की ‘अजून किती संधी द्यायच्या?’ हा वाद पेटतो. अमेरिकेत सप्टेंबर ते जानेवारी हाच वाद कॉलेजातून आलेल्या रिसीव्हरवरून रंगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू धावता धावता झेलणारा तो रिसीव्हर. जस्टिन जेफरसनने २०२० मध्ये पहिल्याच वर्षी १४०० यार्ड काढले, म्हणजे झेल घेऊन चेंडू एकूण तेवढा पुढे नेला, तेव्हापासून तर लोकांना दम उरलेला नाही.

ग्रीन बे संघाने घेतलेला डवान्टे ॲडम्स मात्र असा आला नव्हता. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, तो दुसऱ्या फेरीत निवडला गेला. पहिल्या वर्षी ४४६ यार्ड, दुसऱ्या वर्षी ४८३, आणि त्यात घोट्याची दुखापत. हातातले चेंडू सुटायचे. काढून टाका म्हणणारे कमी नव्हते. तिसऱ्या वर्षी ९९७ यार्ड आणि १२ टचडाउन, म्हणजे तितक्या वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे. २०२० मध्ये तर १८ टचडाउन.

हा वेळ का लागतो, ते नीट पाहायला हवं. व्यावसायिक सामन्यात पहिल्या ५ यार्डांत कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू, छातीवर हात देऊन रिसीव्हरला अडवू शकतो. कॉलेजात बऱ्याच जणांना मोकळी सुरुवात मिळालेली असते, त्यामुळे ते हात झटकून सुटण्याचं पदलालित्य इथे नव्याने शिकावं लागतं. कॉलेजात सीमारेषेच्या आत एक पाय टेकला तरी झेल ग्राह्य. इथे दोन्ही पाय टेकावे लागतात. चेंडूवरचे पांढरे पट्टेसुद्धा इथे नसतात. २०२१ च्या सराव सामन्यांत जमार चेसच्या हातून चेंडू सुटत होते, तेव्हा त्याने हेच कारण सांगितलं आणि लोक हसले. त्या हंगामात त्याने १४५५ यार्ड काढले.

सर्वांत अवघड असतं ते वळण. कर्ल हा साधा रूट, म्हणजे धावण्याचा ठरलेला मार्ग, घ्या: १२ यार्ड सरळ धावायचं, झटकन थांबायचं आणि क्वार्टरबॅककडे दोन यार्ड परत यायचं. रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून सुटलेला असतो. नवखा मुलगा कंबर खाली न घेता चार-पाच छोट्या पावलांत थांबतो, किंवा गोल वळतो. तेवढ्या अर्ध्या सेकंदात कॉर्नरबॅक मध्ये घुसतो आणि चेंडू पळवतो. आकडेवारीत ती चूक क्वार्टरबॅकच्या नावावर जाते. ती खरी कोणाची, हे चित्रफितीतच दिसतं.

म्हणून यार्ड मोजून धीर सोडू नये, चुकांची जात पाहावी. चेंडू हातात स्थिरावण्याआधी नजर पुढे वळल्यामुळे सुटलेला झेल सुधारतो. छातीच्या वर अंगठे जवळ, कमरेखाली करंगळ्या जवळ, हे रोज शे-दोनशे चेंडूंवर घोटलं की हात तयार होतात. गोल वळणही सुटतं. मूळचा वेगच कमी असेल, तर मात्र वाट पाहून फारसं काही हाती लागत नाही. मिनेसोटाने २०१६ मध्ये पहिल्या फेरीत घेतलेल्या लाक्वॉन ट्रेडवेलला पहिल्या वर्षी एकच झेल मिळाला, १५ यार्डांचा. तीन वर्षं थांबूनही तो बचावपटूंपासून सुटू शकला नाही.

अमेरिकेतली मला पटणारी गोष्ट म्हणजे करार. ड्राफ्टमधल्या खेळाडूचा पहिला करार ४ वर्षांचा. पहिल्या फेरीतला असेल, तर करार पाचव्या वर्षासाठी वाढवायचा का, हा निर्णय संघाला तिसऱ्या हंगामानंतर मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत घ्यावाच लागतो. ही हमी नव्हे, मधेच काढूनही टाकतात. पण निर्णयाचा दिवस सर्वांना माहीत असतो.

आपल्याकडे बीसीसीआयचे करार वर्षाचे, आणि नव्या मुलाला तेही मिळतील असं नाही. बोरिवलीच्या रोहित शर्माने २००७ मध्ये एकदिवसीय पदार्पण केलं, २०११ च्या विश्वचषक संघातून तो वगळला गेला, आणि २०१३ मध्ये सलामीला पाठवल्यावर त्याच वर्षी बंगळूरला २०९ धावा केल्या. हे उदाहरण आपण ‘बघा, थांबलो म्हणून मिळाला’ असं सांगतो. पण नुसतं थांबून ते झालं नाही, त्याची जागा बदलली म्हणून झालं. तो बदल २००९ मध्ये करून पाहता आला असता का, हे कोणी विचारत नाही. निवड समितीने मुलाला घेतानाच सांगावं: किती सामने, कोणत्या क्रमांकावर, कोणती उणीव भरून काढायची. मग बारावा सामना झाल्यावर वाद घालायला आपल्या हातात धावांखेरीज काहीतरी असेल.