माल्टाचे किल्ले बोटीतून ‘होत’ नाहीत

प्रवासाच्या ग्रुपांवर माल्टाबद्दल एक सल्ला सारखा फिरतो: ‘किल्ल्यांत वेळ घालवू नका, सगळे सारखेच. ग्रँड हार्बरची बोटफेरी केली की झालं. संग्रहालयात मुलं कंटाळतात. आणि त्या इतिहासाशी आपला संबंध काय?’ या सल्ल्यापायी लोक माल्टाचा गाभाच टाळून परततात, याचं वाईट वाटतं.

सगळे सारखे? दगड तेवढा सारखा. सेंट एल्मो किल्ला १५५२ चा, सेंट जॉनच्या ख्रिस्ती सरदारांचा, ताऱ्याच्या आकाराचा, ग्रँड हार्बर आणि मार्सामशेट या दोन बंदरांमधल्या टोकावर. १५६५ मध्ये ऑटोमन तुर्कांनी माल्टाला वेढा घातला तेव्हा त्यांच्या फौजेने आधी तोच धरला, कारण त्यांच्या आरमाराला मार्सामशेट बंदर हवं होतं. किल्ला महिनाभर झुंजला. ग्रँड हार्बरपलीकडच्या बिरगू गावाहून रात्री होड्यांतून कुमक यायची. २३ जूनला तो पडला, पण तोवर हल्लेखोरांचा कणा मोडला होता; त्यांचा तुर्गुत रईससारखा दर्यावर्दी तिथेच जायबंदी होऊन मेला. आजची राजधानी वालेट्टा तेव्हा नव्हतंच, होती उघडी टेकडी. शहराचा पाया घातला तो वेढा उठल्यावर, १५६६ मध्ये.

याउलट रिनेला किल्ला ब्रिटिशांनी बांधला तो शंभर टनांच्या एकाच तोफेसाठी. आर्मस्ट्राँग या ब्रिटिश कंपनीने तसल्या तोफा इटलीच्या युद्धनौकांना विकल्या, मग त्यांना तोंड द्यायला ब्रिटिशांनाही त्या घ्याव्या लागल्या! तोफ इतकी अवजड की ती भरायला वाफेवर चालणारी यंत्रणा लागे.

बोटीतून तटाची बाहेरची बाजू दिसते, बस्स. बिरगूच्या सेंट अँजेलो किल्ल्यावर उभं राहून पलीकडचा एल्मो पाहा, म्हणजे त्या रात्रीच्या होड्यांना किती पाणी कापावं लागलं ते कळेल. दुसऱ्या महायुद्धातलं युद्धकेंद्र, लास्कारिस वॉर रूम्स, तर जमिनीखालीच आहे. १९४३ च्या दोस्त राष्ट्रांच्या सिसिली मोहिमेची सूत्रं तिथून हलली.

मुलांचं म्हणाल तर वालेट्टातल्या अप्पर बराक्का बागेखाली दुपारी बाराला तोफ उडते, तिथे त्यांना न्या. मग एल्मोतल्या युद्ध-संग्रहालयात ‘फेथ’ या महायुद्धातल्या ग्लॅडिएटर लढाऊ विमानाचा पंखांविना सांगाडा दाखवा आणि ‘ओहायो’ची गोष्ट सांगा: ऑगस्ट १९४२, माल्टाला रसद घेऊन निघालेल्या १४ मालवाहू जहाजांपैकी पाचच पोचलेली, आणि त्यांतलंच हे मोडकं तेलवाहू जहाज दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून आणलेलं.

राहिला संबंध. १८७८ मध्ये रशियाशी युद्धाचं सावट असताना ब्रिटिशांनी हजारो हिंदी शिपाई जहाजांतून माल्टाला नेले. ती जहाजं मुंबईहून निघाली होती.