तलाठ्याने फक्त सातबारा लिहावा

परवा जेवताना दाजी म्हणाले, अमेरिकेच्या मनात आलं ना तर एका बटणात आपलं इंटरनेट बंद. मी होस्टिंगच्या धंद्यातला माणूस, मला राहवलं नाही, पण ताईने डोळे वटारले म्हणून गप्प बसलो. उरलेलं भांडण इथे करतो.

बटण नाहीये हो. एक यादी आहे. डॉट कॉम कुणाकडे विचारायचं, डॉट इन कुणाकडे (ते आपल्या निक्सीकडे, म्हणजे डॉट इनची नोंद ठेवणाऱ्या भारतातल्या संस्थेकडे), एवढंच सांगणारी छोटी फाइल, तिला रूट झोन म्हणतात. या सगळ्या नावानंबरांची नोंद कित्येक वर्षं जॉन पोस्टेल नावाचा एक दाढीवाला प्राणी बघायचा. 28 जानेवारी 1998 ला या बाबाने रूट सर्व्हर (ही यादी जगाला पुरवणारी मशीन्स) सांभाळणाऱ्या 12 पैकी 8 जणांना मेल टाकला की आजपासून यादी माझ्या मशीनवरून उचला, आणि त्यांनी उचलली की राव! मग व्हाइट हाऊसकडून झापाझापी झाली, सगळं पूर्ववत झालं, आणि नेट वापरणाऱ्याला यातलं काही कळलंसुद्धा नाही. त्याच वर्षी ही यादी सांभाळायला आयकॅन नावाची संस्था आली, पोस्टेल ऑक्टोबरमध्ये गेला. अमेरिकन सरकारचा तिच्याशी असलेला करार 2016 ला संपला. संस्था मात्र अजून कॅलिफोर्नियातच, तिथल्याच कायद्याखाली, आणि हे मलाही खटकतं.

पण खरी परीक्षा झाली ती 2022 ला. रशियाने हल्ला केल्यावर चारच दिवसात युक्रेनने आयकॅनला पत्र लिहिलं, रशियाचं डॉट आरयू यादीतून काढून टाका. बॉम्ब पडतायत, माणसं तळघरात झोपतायत, अशा वेळी नाही म्हणायला छाती लागते. 2 मार्चला ते नाही म्हणाले. तेव्हा मला राग आलेला, आज वाटतं बरोबर केलं. तलाठ्याने सातबारा लिहावा, गावात कोण सज्जन कोण दुर्जन ते ठरवू नये, एकदा का त्याने रागावून एकाचं नाव खोडलं की उद्या प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याचं खोडायला रांगेत उभा. सोव्हिएत युनियन 1991 ला बुडालं तरी त्याचं डॉट एसयू अजून चालू आहे, त्यात कुणाचं काय बिघडलं?

आणि हो, हा कारभार यूएनकडे द्या म्हणणारे आपणच होतो, म्हणजे भारत, 2011 ला, नंतर 2015 ला भूमिका बदलली. बरं झालं. सरकारांच्या हातात खोडरबर दिलं की काय होतं ते सांगायला नको.

माझं दुखणं वेगळंच आहे. मावशीच्या मसाल्यांसाठी हौसेने डॉट भारत घेतलं, नाव देवनागरीत, मावशी खूश. आणि एका कंपनीच्या फॉर्ममध्ये तो पत्ता टाकला तर लाल अक्षरात इनव्हॅलिड! वरच्या यादीत नाव आहे, साइट उघडतेय, आणि फॉर्म लिहिणाऱ्या कुठल्यातरी पोराला देवनागरी माहीतच नाही. तीनदा टाकलं, तीनदा तेच. शेवटी पाकिटावर इंग्रजी स्पेलिंगवालंच छापलं, मावशी अजून विचारते, आपलं मराठीतलं कुठं गेलं रे.