चांगलं फुप्फुस भरपाई का करत नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फुप्फुसात हवा आणि रक्त यांची गाठ कशी पडते, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आईंच्या डाव्या फुप्फुसाला न्यूमोनिया झाला, उजवं निरोगी होतं, तरी सॅच्युरेशन (रक्त ऑक्सिजननं किती भरलंय ते) ८७ टक्क्यांवर आलं. ते सगळं सोसून तुम्ही लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देते.

तुमचा पहिला आक्षेप असा, की ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मी 'आकसतात' असं उलटं लिहिलंय. तुमचं म्हणणं फुप्फुसाबाहेर अगदी बरोबर आहे. धावताना मांडीच्या स्नायूला ऑक्सिजन कमी पडतो आणि तिथल्या वाहिन्या रुंदावतात, कारण स्नायूला रक्ताकडून ऑक्सिजन घ्यायचा असतो. फुप्फुसात रक्तच ऑक्सिजन न्यायला आलेलं असतं. जिथं हवा नाही तिथं त्याचं काय काम? पाटाला दारं धरणारा शेतकरी पीक नसलेल्या वाफ्याचं तोंड मातीनं बुजवतो आणि पाणी पुढं काढतो. फुप्फुसातल्या बारीक रोहिण्याही (रक्त आणणाऱ्या वाहिन्या) तशाच आकसतात आणि रक्त हवेशीर वायुकोशांकडे, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांकडे, वळतं. स्वीडनच्या फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ साली मांजरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. हा फरक मूळ लेखात स्पष्ट यायला हवा होता. तो राहिला, ही माझी चूक.

तुमचा दुसरा मुद्दा असा, की एकूण हवा आणि एकूण रक्त यांचं प्रमाण ठीक असलं की पुरे. विश्रांतीत वायुकोशांपर्यंत मिनिटाला साधारण ४ लिटर हवा पोचते आणि फुप्फुसांतून ५ लिटर रक्त वाहतं. पण सगळी हवा उजवीकडे आणि सगळं रक्त डावीकडे गेलं, तर बेरीज तीच राहूनही माणूस वाचणार नाही. गाठ पडायला हवी ती प्रत्येक वायुकोशापाशी.

आता तुमचा खरा प्रश्न : उजव्या फुप्फुसानं खोल श्वास घेऊन भरपाई का केली नाही? समजा, निम्मं रक्त उजवीकडून ९८ टक्के भरून आलं आणि निम्मं डावीकडून जसं गेलं तसंच, ७५ टक्क्यांवर परत आलं. दोन्ही मिसळल्यावर ८६-८७. आता आईंनी कितीही जोरात श्वास घेतला, तरी उजवीकडचं हिमोग्लोबिन (रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा घटक) आधीच जवळजवळ भरलेलं आहे. ९८चे फार तर ९९ होतील. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही. कार्बन डायऑक्साइडची भरपाई मात्र होते, कारण चांगल्या बाजूनं तो जास्त बाहेर टाकता येतो. म्हणूनच अशा रुग्णाला धाप लागते, कार्बन डायऑक्साइड आटोक्यात असतो आणि ऑक्सिजन तेवढा घसरतो. मास्कचा ऑक्सिजनही पू-पाण्यानं भरलेल्या वायुकोशात शिरत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग अपेक्षेपेक्षा कमी होतो.

वाहिन्या आकसण्याचं मोल इथं कळतं. डावीकडे निम्म्याऐवजी पाचवा हिस्साच रक्त गेलं, तर तेच गणित ९३वर येतं. न्यूमोनियात सुजेमुळे ही यंत्रणा ढिली पडते, म्हणून आकडा इतका खाली जातो. उंचीवर तीच यंत्रणा अंगावर उलटते. तिथं सगळ्याच वायुकोशांत ऑक्सिजन कमी, त्यामुळे वाहिन्या सगळीकडे आकसतात, फुप्फुसातला दाब चढतो आणि काहींच्या फुप्फुसांत पाणी साचतं. हिमालयात तैनात भारतीय जवानांमधल्या या आजाराचं वर्णन डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलं.

शेवटी, नर्सनं आईंना उजव्या कुशीवर झोपवलं, 'चांगल्या फुप्फुसावरच भार टाकला', म्हणून तुम्हाला राग आला होता. तो राग मी समजू शकते, पण ते जाणूनबुजून केलेलं असतं. गुरुत्वाकर्षणानं रक्त खालच्या बाजूला जास्त जातं, म्हणून प्रौढांमध्ये चांगली बाजू खाली ठेवतात. फुप्फुसातून रक्त पडत असेल किंवा मोठा गळू असेल, तर मात्र खराब बाजू खाली ठेवतात, म्हणजे ती घाण चांगल्या बाजूत उतरत नाही. तान्ह्या बाळांचं गणितही वेगळं असतं. आईंची तब्येत आता कशी आहे, जरूर कळवा.